नवा राजवाडा पाहायला येताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरला माणूस येतो तो बहुधा अंबाबाईच्या दर्शनाला. दर्शन झालं, पोटभर जेवण झालं, गाडी सुटायला चार तास उरले की प्रश्न येतो, 'राजवाडा कुठाय, आणि बघण्यासारखा आहे का?' बघण्यासारखा आहे, पण अर्ध्या तासात उरकण्यासारखा नाही. लोक जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

नवा राजवाडा आणि जुना राजवाडा एकच का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जुना राजवाडा म्हणजे भवानी मंडप. तो अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला दगडी नगारखाना, आतलं तुळजाभवानीचं मंदिर आणि आवारातली शाळा हे सगळं शहराच्या रोजच्या वर्दळीत मिसळून गेलेलं आहे. तिथे तिकीट नाही, लोक त्या कमानीखालून येत-जात असतात.

नवा राजवाडा, म्हणजे सगळे ज्याला 'न्यू पॅलेस' म्हणतात तो, शहराच्या उत्तरेला कसबा बावड्याच्या रस्त्यावर आहे. संग्रहालय, हरणं, तळं, बाग हे सगळं तिथे. रिक्षावाल्याला नुसतं 'राजवाडा' म्हणालात तर तो तुम्हाला भवानी मंडपात सोडेल, आणि चूक त्याची नसेल. 'न्यू पॅलेस' असंच सांगा.

दोन्ही पाहावेत, आणि जमलं तर आधी जुना. पन्हाळ्यावरची गादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खाली कोल्हापुरात आली, आणि शहर वाढलं ते देवळाच्या आणि जुन्या वाड्याच्या भोवती. नव्या राजवाड्यात हेच घराणं शंभर वर्षांनंतर किती वेगळ्या काळात येऊन पोचलं, हे जुना वाडा आधी पाहिला असेल तर आपोआप कळतं.

तिथे कसं जायचं?

देवळापासून दोन-तीन किलोमीटर. रिक्षा सोपी. कसबा बावड्याकडे जाणारी केएमटीची बसही चालते. स्वतःची गाडी असेल तर ती आधी महाद्वार रोडच्या गर्दीतून बाहेर काढा आणि दसरा चौकाकडून या.

कोणत्या वेळी जावं? तिकिटाचं काय?

संग्रहालयाला तिकीट आहे. दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, त्यामुळे त्या दिवशी तिकीट खिडकीवर लावलेला फलकच खरा धरा. लांबून येत असाल तर कोल्हापुरातल्या कुणाला तरी आदल्या दिवशी चौकशी करायला सांगा.

वेळेबद्दल माझा आग्रह सकाळचाच आहे. सहलीच्या बस येण्याआधी आवार शांत असतं, हरणं सावलीत जाऊन बसलेली नसतात, आणि आत दरबार हॉलमध्ये उभं राहायला जागा मिळते. ऋतू विचाराल तर दसऱ्यापासून माघापर्यंतचा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी आवारात फिरणं जिवावर येतं.

पावसाळ्यात मात्र या राजवाड्याचं रूप काही वेगळंच असतं. भिजलेला काळा दगड चकाकतो, मागे ढग उतरलेले असतात. मुसळधार पाऊस चालू असेल तर निघण्यापूर्वी पंचगंगेची पातळी तेवढी बघून घ्या. बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ती मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात या बाजूच्या सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं. पाणी चढत असेल तर सहल पुढे ढकला.

हा राजवाडा बांधला कुणी आणि कशासाठी?

बांधकाम १८७७ ते १८८४ या काळात झालं. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. खर्च त्या काळातले सुमारे ७ लाख रुपये.

त्या वेळची परिस्थिती कळल्याशिवाय ही इमारत नीट कळत नाही. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये विलायतेला गेले आणि परतताना इटलीत फ्लॉरेन्स इथे वारले. वय वीस. गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज लहान होते आणि राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. म्हणजे राजवाड्याचा पाया घातला जात होता तेव्हा राजाच्या हातात सत्ता नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला चौथ्या शिवाजी महाराजांचाही अंत झाला. ज्यांच्या काळात राजवाडा उभा राहिला, त्यांना तो पुरता लाभला नाही. मँटसुद्धा १८८१ मध्येच गेला होता, त्यानेही पूर्ण झालेली इमारत पाहिली नाही.

आणि मग मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा, यशवंतराव, दत्तक आला. त्याचं नाव ठेवलं शाहू. कोऱ्या करकरीत राजवाड्याचा पहिला मोठा रहिवासी तो.

आता इमारतीकडे बघा. अष्टकोनी आखणी, मध्ये घड्याळाचा मनोरा. कमानी इस्लामी वळणाच्या, काही कोरीव काम गुजरात-राजस्थानातल्या जैन मंदिरांची आठवण करून देणारं, काही आपल्या मराठी वाड्याचं. इंग्रज वास्तुविशारदांनी भारतीय शैली एकत्र करून जी पद्धत रूढ केली, तिचा हा चांगला नमुना. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा याच मँटच्या आराखड्यातला. पण बडोद्याहून कोल्हापूर वेगळं वाटतं ते दगडामुळे. इथला दगड काळा, सह्याद्रीचा. हा दगड कठीण, त्याच्यावर नाजूक नक्षी काढणं सोपं नाही. आराखडा इंग्रजाचा असला तरी छिन्नी आपल्या माणसांची आहे. त्या पाथरवटांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, म्हणून आत जाण्याआधी एखादा खांब जवळ जाऊन नीट बघा, एवढी माझी विनंती आहे. बहुतेक लोक मनोऱ्यासमोर फोटो काढतात आणि थेट तिकीट खिडकी गाठतात.

राजर्षी शाहू महाराज याच राजवाड्यात राहायचे का?

हो, राजवाडा त्यांचाच होता. पण या माणसाला राजवाड्यात शोधायला आलात तर अर्धाच सापडेल. महाराज बराच काळ शहराबाहेर सोनतळीच्या कॅम्पवर असत, आणि तिथे भेटायला येणाऱ्याला मुजऱ्याच्या अवडंबरातून जावं लागत नसे.

२ एप्रिल १८९४ ला त्यांनी कारभार हाती घेतला, ६ मे १९२२ ला ते मुंबईत वारले. मधल्या अठ्ठावीस वर्षांत जे झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे: २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम, जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचं धरण.

राजवाडा पाहताना गंगाराम कांबळे यांची गोष्ट माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं. ते राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच नोकरांनी बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर गंगारामांनी सोनतळीला जाऊन त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी दोषींना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. दलिताच्या हॉटेलात चहा पिणार कोण? तर महाराज स्वतः. ते येता-जाता तिथे गाडी थांबवत, चहा मागवत, बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजाने प्यायलेला चहा नाकारायची सोय कुणालाच उरली नाही.

देवळाकडून राजवाड्याकडे येताना तुम्ही याच भाऊसिंगजी रोडवरून येता. संग्रहालयातल्या तलवारी आणि चांदीच्या वस्तू पाहताना ही गोष्ट मनात असू द्या.

सगळा राजवाडा आतून पाहता येतो का?

नाही. तळमजल्यावरचा संग्रहालयाचा भाग तेवढा खुला आहे. राजवाडा हे छत्रपती घराण्याचं आजही राहतं घर आहे. सध्याचे शाहू छत्रपती २०२४ मध्ये कोल्हापूरचे खासदार म्हणून निवडून आले. बंद दारं, दोर लावलेले जिने दिसले की डोकावून बघायचा मोह टाळा. आपण तिकीट काढून आलो असलो तरी कुणाच्या तरी घरात आलो आहोत.

संग्रहालयात काय आहे?

शहाजी छत्रपती महाराजांनी १९७४ मध्ये हे संग्रहालय लोकांसाठी खुलं केलं. त्यांच्याच काळात, १ मार्च १९४९ ला, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. एका अर्थाने संस्थान संपल्यावर संस्थानाचं घर रयतेला उघडं झालं.

आत तलवारी, बंदुका, भाले, राजघराण्याचे पोशाख, जरीकाम, दागिने, चांदीचं सामान, हत्तीवरचे हौदे, जुनी छायाचित्रं, तैलचित्रं आणि पत्रव्यवहार आहे. शस्त्रांच्या दालनात पोरं रमतात. मोठ्यांनी छायाचित्रांपाशी थांबावं. शाहू महाराजांच्या तरुणपणापासूनचे चेहरे, कुस्तीगीर, शिकारी, परदेशी पाहुणे यांतून एका संस्थानाची पन्नास-साठ वर्षं डोळ्यांसमोर सरकतात. पोशाखांच्या कपाटांपाशी माझी आई नेहमी सगळ्यात जास्त वेळ थांबते, आणि जरीचा काठ कसा विणलाय हे काचेला नाक लावून बघते. तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. तलवारी सगळ्याच संग्रहालयांत असतात.

दरबार हॉलबद्दल फार ऐकलंय. खरंच इतका सुंदर आहे?

हो. दोन मजल्यांइतका उंच, मधोमध. बाजूला कोरीव खांब, त्यांवर नक्षीदार कमानी, वर सज्जा. एका टोकाला सिंहासन. आणि खिडक्यांना रंगीत काचा, ज्यांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग चितारले आहेत. रंगीत काचेची कला युरोपातल्या चर्चमधली. इथे तिच्यातून शिवचरित्र सांगितलं आहे, आणि बाहेर ऊन असेल तेव्हा ते प्रसंग उजळून निघतात.

मुलांना घेऊन गेलात तर एकेका काचेखाली उभं करून 'हा कुठला प्रसंग?' असं विचारा. आपल्याकडची पोरं बरोबर ओळखतात.

पेंढा भरलेले वाघ-बिबटे पाहून लहान मुलं घाबरतात का?

काही घाबरतात, काही रडतात, बरीचशी प्रश्न विचारतात. शिकारीच्या दालनात वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, हरणं अशी जनावरं पेंढा भरून ठेवली आहेत. जनावरांच्या अवयवांपासून बनवलेल्या वस्तूही आहेत, त्यात बिबट्याच्या मणक्यांची काठी आहे. आज हे पाहताना पोटात कालवतं, आणि कालवावंच. मात्र ते दालन टाळून पुढे जाऊ नका, कारण संस्थानी काळ जसा होता तसा तिथे समोर येतो.

कोल्हापूर चित्त्यांच्या शिकारीसाठी देशभर प्रसिद्ध होतं. म्हणजे चित्त्याची शिकार नव्हे, माणसाळवलेल्या चित्त्याकडून काळविटाची शिकार. चित्तेवान त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर नेत, कळप दिसला की टोपी काढून सोडत. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूर दरबाराने ते आफ्रिकेतून मागवले. पुढे भारतातून चित्ता नामशेष झाला.

मुलांना या गोष्टीची दुसरी बाजूही सांगा. राधानगरी-दाजीपूरचं जे जंगल छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं, तिथेच १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. राखीव होतं म्हणून ते तोडलं गेलं नाही, आणि आज तिथे गवे मोकळे फिरतात. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर दाजीपूरला जा. पेंढा भरलेला गवा आदल्या दिवशी पाहिलेल्या मुलाला जिवंत गवा दिसला, तर ती सहल ते कधी विसरणार नाही.

आत फोटो काढता येतात का?

संग्रहालयात नाही. बाहेर, आवारात काढा. कुणीतरी लपूनछपून मोबाइल काढतं, मग रखवालदार ओरडतो आणि सगळ्यांचाच विरस होतो. कृपया ते करू नका.

बाग कशी आहे? नुसत्या बागेसाठी यावं का?

म्हैसूरच्या वृंदावनसारखी कारंज्यांची, दिव्यांची बाग डोळ्यांसमोर आणून आलात तर निराश व्हाल. इथली बाग म्हणजे राजवाड्याभोवतालचं मोकळं, झाडांनी भरलेलं आवार. जुने वृक्ष, हिरवळ, तळं, पाण्यात बदकं, कुंपणाआड हरणं आणि मोर. माझ्या मते राजवाड्याचं खरं दर्शन इथूनच घडतं. जवळून तो भव्य वाटतो, पण थोडं लांब जाऊन झाडांच्या फटीतून पाहिला की मनोरा, घुमट आणि कमानी एकमेकांशी कशा जुळवल्या आहेत ते दिसतं.

आधी संग्रहालय, मग बाग, असा क्रम ठेवा. आतल्या एवढ्या वस्तू पाहून डोळे थकलेले असतात, मग तळ्याच्या बाजूला टेकायला बरं वाटतं.

एक कळकळीची गोष्ट. हरणांना काही खायला घालू नका. भडंगाची पुडी, चिप्स, बिस्किटं कुंपणातून आत टाकणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं. लहान मूल हट्ट करतंच, त्याला समजावणं मोठ्यांचं काम. प्लास्टिकची पिशवी हरणाच्या पोटात गेली तर ते मरतं, एवढं सांगितलं तरी मुलं ऐकतात.

वयस्कर माणसांना झेपेल का?

झेपेल. संग्रहालय तळमजल्यावर आहे, मजले चढायचे नाहीत. उभं राहणं मात्र बरंच होतं. गुडघेदुखी असेल तर निवडक दालनं बघा, दरबार हॉलसाठी ताकद राखून ठेवा. पाण्याची बाटली आणि टोपी जवळ असू द्या.

जेवणाचं काय?

आवारात पंगत मांडू नका. शहर जवळ आहे, तांबडा-पांढरा रस्सा किंवा झणझणीत मिसळ कुठे मिळेल हे कोल्हापुरात कुणालाही विचारा, प्रत्येक जण वेगळं नाव सांगेल आणि प्रत्येकाचं खरं असेल.

दसऱ्याला आलो तर काही खास बघायला मिळेल का?

त्या दिवशी राजवाड्यापेक्षा दसरा चौकात थांबा. संध्याकाळी देवीची पालखी येते, शमीपूजन होतं, आणि छत्रपती घराणं संस्थानकाळातल्या जुन्या मेबॅक गाडीतून चौकात येतं. ती गाडी वळणावर दिसली की गर्दीतून जो आवाज उठतो तो ऐकण्यासारखा असतो. मग सोनं लुटायला झुंबड उडते. लहान मुलांचा हात सोडू नका, आणि गाडी लांब कुठेतरी लावून चालत या.

राजवाड्याच्या जोडीने आणखी काय पाहावं?

राजवाडा आवडला असेल तर मँटचं कोल्हापूर बघा. सीपीआर हॉस्पिटलची जुनी इमारत त्याच्याच आराखड्यातली, आणि तिच्याजवळचा टाऊन हॉलही. टाऊन हॉल १८७६ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे राजवाड्याच्या आधी. त्याच्याभोवतीची बाग लहान, पण दाट सावलीची. आतल्या सरकारी संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत. त्याच टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्तीही इथेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता हे ती हातभरही उंच नसलेली मूर्ती सांगते. न्यू पॅलेसला जाणाऱ्या शंभरांतले दहासुद्धा इथे येत नसावेत, याची मला खंत आहे.

तिथून जवळच नर्सरी बाग. शाहू महाराजांचं समाधिस्थळ इथे आहे. गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराज गेल्यावर तीन वर्षांत, १९२५ मध्ये, याच बागेत त्यांचं स्मारक उभारलं होतं. राजवाडा पाहून झाल्यावर दहा मिनिटं इथे जरूर या.

रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३० च्या दशकातला. संध्याकाळी तलावाच्या कठड्यावरून पलीकडे त्याचा मनोरा सुरेख दिसतो, तेवढं पुरे.

शाळेची सहल आणायची आहे. काय लक्षात ठेवावं?

आधी कळवून वेळ ठरवून घ्या. साठ-सत्तर मुलं एकदम आत सोडू नका, पंधरा-वीसचे गट करा. एक गट आत, बाकीचे आवारात, असं फिरवा. निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गात शाहू महाराजांवर एक तास घ्या, नाहीतर मुलांच्या लक्षात फक्त वाघ राहतो. वही-पेन्सिल बरोबर द्या: फोटो काढता येत नाहीत, तर एखादी कमान किंवा तलवारीची मूठ काढू दे. आणि परतीच्या वाटेवर बस भाऊसिंगजी रोडवरून न्या, म्हणजे गंगारामांच्या हॉटेलाची गोष्ट तिथेच सांगता येईल.